पाप कोणाचे?



सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. ईश्वरविज्ञानाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पुरा करून मी नुकताच पवित्र शास्त्राच्या भाषांतराच्या कामी रुजू झालो होतो. मध्य प्रदेशातील एका शहरात तेव्हा माझे वास्तव्य होते. तेथे आमची लहानशी मराठी मंडळी होती. रेल्वे आणि गिरण्यांच्या निमित्ताने दोन-तीन पिढ्यांपूर्वी तिकडे जाऊन राहिलेली कुटुंबे. त्यांतील एका स्नेह्याचा मुलगा दीड वर्षाचा होता. संध्याकाळी दिवे लागले की त्याच्या डाव्या डोळ्याच्या बाहुलीत मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसे. घरातल्यांना काही दिवस तिचे कौतुकच वाटले. मग तो डोळा तिरळा होऊ लागला, तेव्हा मुलाला मुंबईला नेले. डॉक्टरांनी ‘रेटिनोब्लास्टोमा’ असे निदान केले, म्हणजे दृष्टिपटलाचा कर्करोग. डावा डोळा काढून टाकावा लागला. उजव्या डोळ्यातही दोन बारीक ठिपके होते. ते गोठवून नष्ट करण्यात आले आणि दर महिन्याला न चुकता तपासणीला आणावे, अशी ताकीद देऊन कुटुंबाला घरी धाडण्यात आले.

त्याच आठवड्यात त्यांच्या घरी प्रार्थनासभा झाली. प्रार्थनेच्या ओघात मंडळीतील एका वडिलांनी त्या आईबापांना उद्देशून म्हटले की, तुमच्या जीवनात काही लपलेले पाप असेल तर ते प्रभूसमोर उघड करा, म्हणजे दुसरा डोळा वाचेल. त्या गृहस्थांचा हेतू वाईट होता असे मी आजही म्हणणार नाही. ते स्वतः रडत होते. पण त्या शब्दांनी काम केले ते केलेच. नवराबायकोने उपास धरले, एकमेकांची जुनी पापे आठवून काढली, आणि ‘प्रभूचे उत्तर’ मिळेपर्यंत मुंबईला जाणे लांबविले. दोन तपासण्या चुकल्या. पुढे नेले तेव्हा उजव्या डोळ्यातील गाठी वाढल्या होत्या. किरणोपचार करावे लागले. डोळा राहिला, दृष्टी थोडी गेली.

वाचकहो, त्या सभेत मीही बसलो होतो. त्या खोलीत ग्रीक भाषा जाणणारा मी एकटाच होतो, आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायावरील टिपणांची वही माझ्या पिशवीत होती. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलेला प्रश्न, पाप कोणी केले, ह्याने की ह्याच्या आईबापांनी, हा त्या अध्यायाचा आरंभच आहे. मी काही बोललो नाही. वयाने मोठ्या माणसाच्या प्रार्थनेला प्रतिवाद कसा करावा, असे स्वतःला सांगून मी चहा घेतला आणि घरी गेलो.

ह्या प्रश्नाचे शास्त्रवचनांतील उत्तर आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. तरीही तो प्रश्न आपल्या घरांतून जात नाही. ह्याचे एक कारण असे की, हा रोग शरीरात कसा निर्माण होतो हे आपण समजून घेत नाही आणि न समजलेल्या जागी अपराध नेऊन बसवितो. म्हणून प्रथम जीवशास्त्राकडे वळू.

आपले शरीर एका पेशीपासून घडते. ती दुभागते, तिच्या दोन होतात, दोहोंच्या चार, आणि प्रौढ माणसाच्या देहात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात. प्रत्येक दुभागणीपूर्वी पेशीला आपल्या अंतरीचा लेख, म्हणजे डीएनए, अथपासून इतिपर्यंत उतरवून काढावा लागतो. आईकडून एक आणि बापाकडून एक असे ह्या लेखाचे दोन संच असतात; दोन्ही मिळून सुमारे ६०० कोटी अक्षरे. पवित्र शास्त्राच्या हस्तलिखितांवर ज्याने आयुष्य घालविले आहे, त्याला ही संख्या वाचून त्या नकलनवीसाची कीवच येईल. मेणबत्तीच्या उजेडात बसलेला लेखनिक एक ओळ गाळी, एखादा शब्द दोनदा लिही, सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत फसे. म्हणून यहुदी मसोरा पंडित ग्रंथातील अक्षरे मोजून ठेवीत. चौथ्या शतकातील सिनाय हस्तलिखितात पुढच्या हातांनी केलेल्या दुरुस्त्या हजारोंनी आहेत.

पेशीतही असे तपासनीस आहेत. अक्षरे जोडीत जाणारे विकर चुकीचे अक्षर लागताच बहुधा मागे वळून ते खोडते. त्याच्या नजरेतून निसटलेली चूक दुसरी यंत्रणा पकडते आणि तेवढा तुकडा कापून नवा बसविते. ह्या दुरुस्तीच्या निरनिराळ्या पद्धती उलगडून दाखविल्याबद्दल टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सांजार ह्यांना २०१५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एवढ्या तपासणीनंतर शंभर कोटी अक्षरांमागे एखादी चूक उरते, पुष्कळदा तेवढीही नाही. कोणत्याही छापखान्याने हेवा करावा असे हे काम आहे. पण ६०० कोटी अक्षरे, लक्षावधी कोटी पेशी आणि साठ-सत्तर वर्षांचे आयुष्य असा हिशोब मांडला, तर चुका साचणारच. हे वाचीत असताना तुमच्या देहातही त्या साचत आहेत.

बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही. काही थोड्या मात्र नेमक्या ठिकाणी पडतात. पेशीने केव्हा दुभागावे आणि केव्हा थांबावे हे ठरविणारी जनुके असतात. त्यांतील काही वेग देणारी, काही लगाम घालणारी. वेग देणाऱ्या जनुकात विशिष्ट बदल झाला तर पेशीला कोणी न सांगता दुभागण्याची घाई होते. लगामाचे जनुक निकामी झाले तर तिला थांबविणारे कोणी राहत नाही. पी-५३ नावाचे एक जनुक तर लेखात फार मोडतोड झालेल्या पेशीला आपण होऊन मरावयास लावते. मानवी कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांत तेच बिघडलेले आढळते. एका चुकीने सहसा कर्करोग होत नाही. एका पेशीत एक बदल होतो, तिची प्रजा इतरांहून किंचित अधिक वाढते. त्या प्रजेतील एखाद्या पेशीत दुसरा बदल होतो, मग तिची प्रजा वरचढ ठरते. पीटर नोवेल ह्यांनी १९७६ साली ही उत्क्रांतीसारखी वाटचाल मांडून दाखविली. कित्येक वर्षांनी त्या वंशातील पेशी स्वतःकडे रक्तवाहिन्या ओढून घेतात, आपली जागा सोडतात, रक्तातून वा लसिकेतून दूर जाऊन वसती करतात. त्यांना हेतू नसतो. त्या आपल्याच असतात, जखम भरून काढणाऱ्या आणि बाळाला गर्भात वाढविणाऱ्या पेशींच्याच सोयऱ्या.

आता त्या बाळाच्या डोळ्याकडे येऊ. ह्या रोगानेच विज्ञानाला कर्करोगाची एक गुरुकिल्ली दिली आहे. अमेरिकेतील वैद्य आल्फ्रेड नुडसन ह्यांनी १९७१ साली रेटिनोब्लास्टोमा झालेल्या ४८ मुलांच्या नोंदी मांडून पाहिल्या. ज्यांच्या दोन्ही डोळ्यांत गाठी होत्या त्यांना रोग लवकर झाला होता, आणि वयाचा आलेख असा होता की जणू एकच घटना घडायची उरली होती. ज्यांच्या एकाच डोळ्यात गाठ होती त्यांचा आलेख दोन घटना लागाव्यात तसा होता. त्यावरून नुडसन ह्यांनी अनुमान काढले की लगामाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती, आईची आणि बापाची, निकामी व्हाव्या लागतात. पहिल्या गटातील मुले एक प्रत जन्मतःच बिघडलेली घेऊन येतात. दुसरी डोळ्यातील एखाद्या पेशीत बिघडली की पुरे. १९८६ साली तेराव्या गुणसूत्रावरील ते जनुक प्रत्यक्ष हाती आले आणि अनुमान खरे ठरले. दृष्टिपटलाच्या पेशी गर्भात आणि बालपणाच्या आरंभी झपाट्याने दुभागतात व नंतर थांबतात. म्हणून हा रोग बहुतेक पाच वर्षांच्या आत होतो.

मग ती पहिली बिघडलेली प्रत कोणी दिली? हा प्रश्न ऐकताच शिष्यांचा प्रश्न वैज्ञानिक वेषात परत आल्यासारखे वाटते. वस्तुस्थिती अशी की, जन्मतः बदल घेऊन येणाऱ्या ह्या मुलांपैकी बहुसंख्य मुलांच्या आईबापांपैकी कोणालाही हा रोग झालेला नसतो. बदल नव्यानेच घडलेला असतो, पुष्कळदा बापाच्या देहात बीजपेशी तयार होताना, एका नकलेत. त्याला ते कळत नाही, त्याला ते टाळता येत नाही. माझ्या त्या स्नेह्याने उपास करून आठवलेल्या एकाही पापाशी त्या अक्षराचा संबंध नव्हता.

येथे आपल्या मराठी भाषेची एक अडचण सांगितली पाहिजे. डॉक्टर म्हणतात, “जनुकात दोष आहे.” आई ऐकते, “तुमचा दोष आहे.” उणीव आणि अपराध ह्या दोहोंसाठी आपल्याकडे एकच शब्द चालतो, आणि भाषांतराच्या मेजावर त्याने मला अनेकदा छळले आहे. भोग ह्या शब्दाचेही तेच. ‘भोगतो आहे बिचारा’ असे आपण दुखण्याविषयी सहज म्हणतो. त्या क्रियापदाच्या पोटात पूर्वीच्या कर्माचा हिशोब बसलेला असतो, आणि आपण ख्रिस्ती असलो तरी तो आपल्या तोंडून बोलतो. हल्ली मी अशा ठिकाणी ‘जनुकात बदल’ असे लिहितो. शब्द फिका आहे, पण तो कोणावर बोट रोखीत नाही. आणखी एक विनंती आपल्या उपदेशकांना. पाप कर्करोगासारखे पसरते, हा दृष्टांत व्यासपीठावरून फार वापरला जातो. समोरच्या बाकावर केस गळालेली एखादी भगिनी बसलेली असते, आणि ती तो दृष्टांत उलटा ऐकते. तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात खोट्या शिकवणीला ज्या रोगाची उपमा दिली आहे त्याचा मूळ ग्रीक शब्द ‘गँग्रीन’चा आहे. तेथे ‘कर्करोग’ घालावा अशी सूचना एकदा आमच्या बैठकीत आली होती. मी तिला विरोध केला, आणि त्याचा मला पस्तावा नाही.

तुम्ही म्हणाल, लहान मुलाचे ठीक आहे, पण तंबाखूचे काय? हा आक्षेप रास्त आहे. तंबाखूतील रसायने डीएनएला चिकटतात, अक्षरे वाचताना घोटाळा करवितात, आणि नकलेतील चुका अनेक पटींनी वाढवितात. मुंबईतील डॉक्टरांना तोंडाचे कर्करोग दररोज दिसतात ते उगाच नव्हे. येथे माणसाच्या कृतीचा वाटा आहे, आणि तो लपविणे हा खोटेपणा होईल. तरीही कारण सांगणे वेगळे आणि शिक्षा वाचून दाखविणे वेगळे. आयुष्यभर विडी ओढणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना फुप्फुसाचा कर्करोग होत नाही. हा जर न्याय असेल तर न्यायाधीश फार बेफिकीर आहे. आणि ज्या खेड्यांत दात घासण्यासाठी मिशरी मुलीच्या हाती आईच देते, तेथे त्या मुलीच्या चाळिसाव्या वर्षी झालेल्या गाठीची फिर्याद कोणावर लावाल?

उलट बाजूही पाहा. इटलीतील पादुआचे वैद्य रामाझिनी ह्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी नोंदविले होते की, मठवासी भगिनींमध्ये स्तनांचा कर्करोग अधिक आढळतो. मूल न होणे आणि अंगावर न पाजणे ह्यांनी ती शक्यता वाढते, हे आज निश्चित झाले आहे. देवाला वाहिलेल्या व्रताची ही किंमत त्यांच्या देहाने मोजली. गर्भाशयमुखाचा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो, तो इतका सर्वत्र आहे की निष्ठेने संसार करणाऱ्या स्त्रीलाही तो पतीकडून मिळू शकतो. पण तिच्याकडे पाहणाऱ्या शेजारणींच्या नजरा तुम्हांला ठाऊकच आहेत. तपासणीला न जाण्याचे ते एक मोठे कारण आहे.

हेच मला सर्वांत गंभीर वाटते. ‘पाप कोणाचे’ हा प्रश्न नुसता चुकीचा नाही, तो वेळ खातो. रेटिनोब्लास्टोमा लवकर सापडला तर जवळजवळ सर्व मुले वाचतात. बाहुलीतील पांढरी चमक, फोटोत एका डोळ्यात लाल ठिपक्याऐवजी पांढरा ठिपका, अचानक आलेला तिरळेपणा, एवढी लक्षणे घरातल्या कोणालाही दिसू शकतात. आपल्या देशात मात्र पुष्कळ मुले फार उशिरा रुग्णालयात पोहोचतात. अंतर आणि पैसा ही कारणे आहेतच. पण मी ज्या घरात चहा घेतला तेथे अंतर आड आले नव्हते, आणि पैसाही मंडळीने जमविला होता.

योहानाच्या त्या अध्यायात भाषांतरकाराला एक गाठ सोडवावी लागते. येशू दोन्ही पर्याय नाकारतो, आणि त्याच्यामागोमाग देवाची कार्ये प्रकट व्हावीत असे एक हेतुवाचक वाक्यांग येते. हे वाक्यांग मागे जोडले तर अर्थ होतो की, तो माणूस त्या हेतूने आंधळा जन्मला. मूळ हस्तलिखितांत विरामचिन्हे जवळजवळ नसल्यामुळे काही अभ्यासक तेथे पूर्णविराम देऊन ते पुढे जोडतात: देवाची कार्ये प्रकट व्हावीत म्हणून दिवस आहे तोवर काम केले पाहिजे. मला हा दुसरा अर्थ मनापासून आवडतो, आणि म्हणूनच मी त्याच्याविषयी सावध असतो. योहानाच्या लेखनाची ढब पहिल्या जोडणीला अनुकूल आहे हे मान्य केले पाहिजे. आमच्या मसुद्यात मी पहिली ठेवली आणि दुसरी तळटीपेत दिली. पुढच्याच वचनात आणखी एक पाठभेद आहे. काम कोणी करायचे? नंतरच्या बहुसंख्य प्रतींत ‘मला’ आहे; सर्वांत जुन्या प्रतींत ‘आम्हांला’ आहे. कोणा लेखनिकाला ‘आम्हांला’ हे जड वाटले असावे.

देवाने अशी चुकणारी सृष्टी का केली, ह्याचे उत्तर काही विद्वान देतात: ज्या बदलामुळे कर्करोग होतो त्याच बदलामुळे जीवसृष्टीची विविधता आली, एक हवे तर दुसरे सोसावे लागेल. युक्तिवाद म्हणून तो मला पटतो. पण डोळा काढलेल्या मुलाच्या आईसमोर मी तो मांडणार नाही, आणि जे तिच्यासमोर मांडता येत नाही ते अपुरे आहे असेच मी समजतो.

तो मुलगा आज बत्तीस वर्षांचा आहे. एक डोळा काचेचा, दुसऱ्यावर जाड भिंगाचा चष्मा, सरकारी कचेरीत नोकरी. त्याचे दोन्ही डोळे बाधित होते, त्यामुळे बदल त्याच्या सर्व पेशींत आहे आणि त्याच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी, नाणे उडवावे तशी. दोन वर्षांपूर्वी पत्नीला दिवस गेले तेव्हा तो माझ्याकडे आला. म्हणाला, “काका, माझ्या पप्पांना काही ठाऊक नव्हते. मला ठाऊक आहे. बाळाला झाले तर ते माझे पाप होईल का?”

यहेज्केलच्या अठराव्या अध्यायात बापांनी खाल्लेल्या आंबट द्राक्षांविषयीची म्हण मोडून काढली आहे. पण ती ह्या प्रश्नाला पुरत नाही, हे मला तत्काळ जाणवले. तो बापाच्या बाजूने विचारीत होता, आणि जाणून. मी त्याला सांगितले की जाणतेपणाने जबाबदारी वाढते, ती अपराध असते असे नाही. आणि तुझी जबाबदारी पुढे आहे, जन्मल्या दिवसापासून त्या बाळाच्या डोळ्यांत पाहण्याची. तुझ्या आईबापांनी तुला जगविले ते चुकले असे तुला वाटते का, असेही मी विचारले. त्यावर तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “नाही. पण कधीकधी वाटायचे.”

त्याच्या रक्तातील बदल आधीच शोधून ठेवला होता. मुलगी झाली, नाळेतील रक्त तपासले. बदल तिच्यात आला होता. पहिल्याच महिन्यात उजव्या डोळ्याच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसला आणि लेझरने तो जाळण्यात आला. पुढच्या तपासणीला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. बाकावर शेजारी त्याची आई बसली होती. बाहुल्या मोठ्या करण्याचे थेंब घातल्यामुळे बाळ रडत होते.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “त्या दिवशी तुम्ही तरी काही बोलाल असे मला वाटले होते.”

“होय वहिनी,” मी म्हटले. “बोलायला हवे होते.”

त्यांनी बाळाला माझ्या मांडीवर दिले आणि पिशवीतून दुधाची बाटली काढू लागल्या. थोड्या वेळाने आत बोलावले. ह्या खेपेस नवे काही दिसले नाही. परिचारिकेने कार्डावर चार आठवड्यांनंतरची तारीख लिहून दिली, आणि ती मी माझ्याही डायरीत उतरवून घेतली.